दाग्नीचं दार

शनिवार, २३ मे

आले एकदाची. ऑस्लोहून सात तास गाडी, वर डोंगरात अजून बर्फ, आणि बर्गेनला उतरले तर चक्क ऊन! हॉटेलचा व्यवस्थापक स्टायनार स्टेशनावर न्यायला आला होता. पन्नाशीचा, गोल पोटाचा, बोलण्यात अस्सल बर्गेनकर. माझी बॅग उचलत म्हणाला, की तू ऑस्लोची आहेस हे आम्ही कुणाला सांगणार नाही, घाबरू नकोस. मी म्हटलं, की तुमच्याकडे बारा महिने पाऊस असतो म्हणे. तर म्हणतो कसा, की छे गं, ही तुमच्याच लोकांनी उठवलेली अफवा आहे. छत्री मात्र त्याने एका हातात घट्ट धरली होती.

हॉटेल क्विस्त बंदरामागच्या गल्लीत आहे. पूर्वी इथे खारवलेल्या माशांचं गोदाम होतं. आता प्रत्येक खोली एकेका कलावंताने केलेली आहे. एका खोलीत पलंग छताला टांगलाय, एकीत भिंतभर लोकरीचं शेवाळ आहे. खालच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्या बसायला नसून बघायला आहेत, हे मला बसल्यावर कळलं. स्टायनारने हसू दाबत मला उठवलं.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावरची एकवीस नंबरची. माझी म्हणजे खरोखरच माझी. हॉटेलने माझी ‘शेजारीण’ ही कलाकृती विकत घेतलीय आणि ही खोली त्याच्याभोवती उभी केलीय. पांढऱ्या भिंती, एक पलंग, एक टेबल, आणि पलंगासमोरच्या भिंतीत दाग्नीचं दार. गडद हिरवं, खाली गुडघ्याच्या उंचीवर पत्रं टाकायची पितळी फट. मुठीला ती पुठ्ठ्याची पाटी अजून लटकते आहे: ‘जिना धुण्याची पाळी तुमची’. आपला आठवडा झाला, की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. माझ्यानंतर दाग्नीचा नंबर असायचा.

दाराशेजारच्या फलकावरचा मजकूर चौदा वर्षांपूर्वी मीच लिहिलाय. ‘दाग्नी होवलान, वय एकाहत्तर. आपल्या घरात पडली. तीन दिवस दार ठोकत होती. कुणी ऐकलं नाही. पाच आठवड्यांनी कुलूपवाला बोलावला.’ त्या चार ओळींनी मला नाव दिलं. इमारतीची दारं बदलली तेव्हा हे दार मी मागून घेतलं, आणि त्यानंतर मला कधी कुणाला माझं नाव सांगावं लागलं नाही.

दोन आठवडे इथेच राहायचं, आणि सहा जूनला दुपारी बाराला, उद्घाटनाच्या दिवशी, लोकांपुढे बोलायचं. वर्तमानपत्रवाले येणार आहेत. नवी वही घेतलीय. खूश आहे मी, उगाच नाही का म्हणू!

सोमवार, २५ मे

सुटीचा दिवस. न्याहारीला सात प्रकारचे मासे, तपकिरी चीज आणि दालचिनीची बन. बन माझ्या तोंडाहून मोठी होती. ती बनवणाराही कलावंतच असावा.

दुपारी दोन ते चार पाहुण्यांना खोली बघायला खुली असते. टेबलावर कागदाचे कपटे ठेवलेत. त्यांवर दाग्नीला चार शब्द लिहायचे आणि फटीतून आत टाकायचे, ही स्टायनारची कल्पना. दारामागे विटांची भिंत आहे, मध्ये एक उथळ पेटी. आज ओलेसुंडहून आलेल्या एका शिक्षिकेने कपटा टाकला आणि रडत माझा हात धरला. म्हणाली, की निदान तू तरी तिची आठवण ठेवलीस. मी मान लववली. ही अशी मान लववणं मला चौदा वर्षांत फार छान जमायला लागलंय.

सकाळी सव्वादहाला कुठेतरी ठोकाठोकी चालली होती. तीन ठोके, थांबून दोन. नळाचं काम असेल. खाली फोन करून तक्रार करणार होते, फोन उचललासुद्धा. मग ठेवला.

बुधवार, २७ मे

मजला झाडणारी वेन्के साठीची आहे, लांब हाताची आणि तोंडाने फटकळ. माझी चादर बदलता बदलता तिने विचारलं, की ही लाकडी फळी रोज पुसायची, तिला मी कला म्हणायचं की दार? मी हसले. मग तिने फलक वाचला. ओठ हलवत, सावकाश. आणि म्हणाली, की अगं, एक कळलं नाही मला. कुणीच ऐकलं नाही, तर ती ठोकत होती हे तुला कसं कळलं?

चौदा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. चार देशांतल्या संग्रहालयांत नाही, एकाही मुलाखतीत नाही.

मी पटकन सांगितलं, की दारावर आतून खुणा होत्या, पोलिसांनी त्यावरून काढलं. वेन्के म्हणाली, की असं होय. मग ओलं फडकं खांद्यावर टाकून म्हणाली, की हे दार बसवायच्या आधी दोन्ही बाजूंनी मीच पुसलंय, आतून एक ओरखडा नाही त्याला. रागावून नाही म्हणाली. तिला नुसतंच माहीत होतं. माझे कान तापले. मी खिडकीकडे वळून बंदरातल्या होड्या बघत बसले, ती जाईपर्यंत.

सव्वादहाला पुन्हा ठोके. स्टायनारला विचारलं, नळाचं काम कधी संपणार. तो म्हणाला, की कसलं काम? या हॉटेलात नळाला हात लावायचा तर आधी नळ करणाऱ्या कलावंताची परवानगी लागते.

शुक्रवार, २९ मे

आज पेटी रिकामी करायची होती. चाळीसेक लोकांनी कपटे टाकले होते, मी स्वतः पाहिलंय. स्टायनारने बिजागरीचे स्क्रू काढून दार अलगद पुढे घेतलं. पेटीत एकही कपटा नव्हता. त्याने पेटी उलटी करून झटकली, मग डोकं खाजवत म्हणाला, की दाग्नीबाई वाचायला घेऊन गेल्या वाटतं, वाचून झाले की परत करतील. मी त्याच्यावर खेकसले. मेलेल्या माणसाची थट्टा करतोस, लाज नाही वाटत? तो बिचारा लालबुंद झाला, दहादा माफी मागितली.

लाज कुणाला वाटायला हवी होती, ते मला माहीत होतं.

खोलीत वास येतोय. हिरव्या साबणाचा, जिने धुवायला वापरतात त्याचा. वेन्के म्हणते, की तो साबण इथे कुणी आणतही नाही.

फलकावर मी एक गोष्ट लिहिलेली नाही. कुलूपवाल्याने दार उघडलं तेव्हा दाग्नीच्या स्वयंपाकघरात बादली उलटलेली होती, आणि जमिनीवर साबण वाळून पापुद्रा धरला होता. ती आपल्या पाळीचा जिना धुवायलाच निघाली होती. स्वतःच्या पाण्यावरून घसरली. खुबा मोडला.

आणि पाटी तिच्या दाराला लटकलेली बघून मी मनात म्हणत होते, की काय आळशी बाई आहे.

रविवार, ३१ मे

आवाज दारातूनच येतो. आज सव्वादहाला मी त्याच्यापुढे जमिनीवर बसले होते. लख्ख ऊन होतं, बाहेर सीगल ओरडत होते, खाली कुणी मुलाला हाका मारत होतं. आणि दार वाजलं. वर नाही, अगदी खाली, पडलेल्या माणसाचा हात पोचतो तिथे. मी तळवा टेकवला. ठोका माझ्या हातात बसला. पाठीमागे विटा आहेत. मी शुक्रवारी स्वतः पाहिल्यात.

लिहूनच टाकते. ही वही कोण वाचणार आहे?

मी ऐकलं होतं. तेव्हा, ऑस्लोत. आमच्या दोघींच्या घरांमध्ये दहा पावलांचा जिना होता. मंगळवारी सकाळी ऐकलं, बुधवारीही. तीन ठोके, थांबून दोन. मला वाटलं, की बाई भिंतीत खिळे मारतेय. म्हटलं, मी कशाला विचारायला जाऊ? आपण कुणाच्या दारावर न सांगता जात नाही. लहानपणापासून हेच शिकलोय, की माणसाला त्याच्या घरात सुखाने राहू द्यावं. सात वर्षं शेजारी राहून मी तिच्या घरात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं, आणि याला मी चांगुलपणा समजत होते.

पोलिसांनी विचारलं, काही ऐकलंत का? मी म्हणाले, नाही. त्या वर्षीच्या रोजनिशीतही मी लिहिलंय, की इमारतीत शांतता होती. माणूस स्वतःच्या वहीत कुणासाठी खोटं लिहितो?

मंगळवार, २ जून

सकाळी दारासमोर जमिनीवर एक घडी केलेला कागद पडला होता. फटीतून बाहेर आलेला. मला वाटलं, पाहुण्यांपैकी कुणाचा तरी कपटा असेल.

माझं अक्षर. चौदा वर्षांपूर्वीचं, तिरकं, निळ्या शाईचं.

‘जिना धुण्याची पाळी सगळ्यांनाच असते. आम्हीही दमतो. आणि सकाळच्या वेळी ठोकाठोकी बंद करावी. — एक शेजारी.’

नावही घातलं नव्हतं. ‘एक शेजारी’! पोलिसांनी हा कागद इमारतीतल्या सगळ्यांना दाखवला होता. सगळ्यांनी नाही म्हटलं, मीही म्हटलं. बाहेर आल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला म्हणाले, की कसली माणसं असतात बघा! तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो कागद पोलिसांच्या फायलीत असायला हवा. तो इथे होता, एका कोपऱ्यात ओला, साबणाचा वास येणारा.

फाडून बंदरात टाकला. स्टायनारला खोली बदलून मागितली. तो म्हणाला, की उद्घाटनासाठी कोळ्यापासून महापौरापर्यंत सगळे येतायत, झाडूच्या कपाटातसुद्धा जागा नाही. आणि स्वतःच्याच खोलीला कंटाळलीस होय?

निघून जाऊ शकते. गाडी रोज आहे. पण का जातेय, ते सांगावं लागेल. ते सांगण्यापेक्षा इथे बसणं सोपं वाटतंय. बघा, अजूनही असंच वाटतंय मला.

गुरुवार, ४ जून

कागद परत आला. तोच. फाडल्याची खूण नाही.

आज ठोके थांबले नाहीत. दहापासून दुपारपर्यंत. दोन वाजता पाहुणे आले तेव्हा चालूच होते. कुणाला ऐकू गेले नाहीत. एका गृहस्थाने दाराला कान लावला आणि म्हणाला, की किती शांत आहे, ही शांतताच सगळं सांगते. माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी — मान लववली. पुन्हा.

आता ते लिहायचं, जे मी स्वतःशीही कधी बोलले नाही.

तो कागद टाकायला मी खाली वाकले होते. फटीतून अर्धा आत गेला आणि आतून कुणीतरी तो ओढून घेतला. हळूच. माझ्या बोटांतून. म्हणजे ती दारामागेच होती — जमिनीवर — वीतभर अंतरावर. श्वासाचा आवाज आला. मला वाटलं — नाही, काही वाटलं नाही. मला कळलं. उभं असलेलं माणूस इतक्या खालून कागद घेत नाही. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी मनात म्हटलं, की बरं झालं, आहे घरात, वाचेल आता. आणि जिना उतरले. एका प्रदर्शनाला जायला उशीर होत होता.

कागद तिच्या मुठीत सापडला. माझे शब्द हातात धरून ती गेली.

शुक्रवार, ५ जून

वेन्केला सांगितलं. सगळं. ती उशीची खोळ हातात धरून ऐकत होती. मला वाटलं शिव्या देईल, किंवा जवळ घेईल. तिने दोन्ही केलं नाही. म्हणाली, की मला कशाला सांगतेस? मी काय दाग्नी आहे? लोकांना चौदा वर्षं जे विकलंस, ते त्यांच्यासमोर परत घे. उद्या बाराला उभी राहणारच आहेस ना? मग त्या फलकाखाली उभी राहून सांग.

तिचं खरं आहे. मी लिहून काढलंय. दीड पान. ‘मी ऐकलं होतं’ असं सुरू होतं. लिहिल्यावर चौदा वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले, मासळीचं सूप दोनदा घेतलं.

वेन्के उद्या नाही. नातीचा वाढदिवस आहे, वोसला जाणार. जाताना म्हणाली, की कच खाऊ नकोस हं.

स्टायनारला एवढंच सांगितलं, की उद्या असं काही होईल, जे या दारासमोर कधीच झालेलं नाही. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, की मग मी अजिबात मध्येमध्ये करणार नाही, तू म्हणशील तेव्हा सुरू, तू म्हणशील तेव्हा संपलं.

ठोके नाहीत आज. दिवसभर नाहीत. तिला पटलं असेल का?

शनिवार, ६ जून. साडेदहा

भाषणाचा कागद वहीत ठेवला. चांगले कपडे घातले. बाहेर जायला निघाले तर जमीन ओली — दारापासून पलंगापर्यंत — साबणाचं पाणी. पाऊल टाकलं आणि —

पडलेय. डावा पाय हलत नाही. खुबा. हाड सरकल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

वही हातात होती म्हणून लिहितेय. लिहीत राहिले तर शुद्ध राहील. मोबाइल टेबलावर. उभं राहिल्याशिवाय हात पोचत नाही.

दाग्नीच्या दाराच्या मुठीला पाटी नाहीये.

अकरा वाजून गेले

खोलीच्या दारापर्यंत सरपटत आले. मूठ फार वर आहे. आवाज बसलाय, ओरडते तर फुसफुसल्यासारखं येतं. ठोकतेय. बाहेर पावलं. थांबतात. जातात.

बारा

आले सगळे. खूप लोक आहेत, कॉफीचे कप वाजतायत. मी ठोकतेय. तीन. मग हात दुखतो म्हणून थांबते. मग दोन. आत्ता लक्षात आलं — असं का —

बाहेर एकदम शांत झालेत. ऐकतायत. कुणीतरी कुजबुजलं, की ऐक, ऐक, ती आत आहे, तीच ठोकतेय. एक बाई रडतेय. मी जीव खाऊन ओरडले, दार उघडा, मी पडलेय. एक पुरुष म्हणाला, की अंगावर काटा आला बुवा.

बाहेरही कपटे वाटलेत, दाराखालच्या फटीतून आत येतायत. ‘फार भिडलं.’ ‘धन्यवाद.’ ‘आम्हाला माफ कर, दाग्नी.’

दीड पान त्याच फटीतून बाहेर सरकवलं. ‘मी ऐकलं होतं.’ कुणीतरी मोठ्याने वाचलं. शेवटपर्यंत. आता कळेल. आता उघडतील —

टाळ्या.

टाळ्या वाजवतायत. किती वेळ. मी सगळं खरं सांगितलं आणि ते —

स्टायनारचा आवाज. हलक्या आवाजात सांगतोय, की चला मंडळी, तिला दाग्नीपाशी राहू द्या, ती म्हणेपर्यंत हे दार कुणी उघडायचं नाही, त्रास द्यायचा नाही. पावलं जिना उतरतायत. एकेक करून. नीट, हळू, आदराने.

मागे दार उघडलंय. विटा नाहीत तिथे. साबणाचा वास. माझ्या शेजारी जमिनीवर कुणीतरी आडवं झालंय. थंड हात माझ्या हातावर ठेवलाय. रागावलेली नाही ती. रागावली असती तर — मला तोंड वर करून बघवत नाही. ती म्हणतेय, की अगं रडू नकोस, सवय होते, पहिला दिवसच काय तो जड जातो, मग फक्त दोन —